तुकुम

चंद्रपूरचा माणूस पुण्यात भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठे राहता तिकडे?" उत्तर बरेचदा 'तुकुम' येतं. ताडोबा रोडवरची ही वस्ती. मीही लहानपणापासून हे नाव ऐकत आलोय, पण याला काही अर्थ असेल असं कधी डोक्यात आलं नाही. डेक्कनला कुठे असतो अर्थ? :)

मग एकदा पोंभुर्ण्याकडे मामाच्या गावी जाताना 'जामतुकुम' अशी पाटी दिसली. म्हटलं हे काय, जंगलात पण तुकुम? शोधायला लागलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले.

तर गोष्ट अशी. चांद्याच्या गोंड राजांना जंगल तोडून शेती करणारी माणसं हवी होती. एक घोषणा हीरशहा राजाच्या नावाने सांगितली जाते: जो जंगल साफ करेल त्याची ती जमीन, जो तलाव बांधेल, त्याला त्या तलावाचं पाणी जितकी भिजवेल तितकी जमीन. इंग्रज आल्यावर चांद्याची जमाबंदी करणाऱ्या मेजर लूसी स्मिथने १८७० च्या सुमारास गोंड राजांचा इतिहास लिहून ठेवला. तलाव बांधून किंवा पडीत जमीन वहितीला आणून मिळालेल्या अशा इनामाला म्हणायचे तुकुम.

आता यातली गंमत बघा. राजाने नकाशा काढला नाही, पैसे दिले नाहीत. फक्त एक नियम केला आणि गावं आपोआप आखली गेली. वरच्या अंगाला पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, जवळ वस्ती. उतार बघून जागा निवडली नाही तर पाणी थोडं भिजवणार, म्हणजे जमीनही थोडीच मिळणार! सर्व्हेअरचं काम लोभानेच केलं म्हणायचं. उत्तरेकडे, भंडारा-ब्रह्मपुरी भागात, कोहळी लोकांनी तर ही विद्या फार पुढे नेली.

पण इथे पाऊस भरपूर पडतो, मग तलाव कशाला? मलाही हाच प्रश्न होता. भारी धान दसऱ्याच्या आसपास फुलोऱ्यावर येतं आणि नेमका तेव्हा पाऊस गेलेला असतो. ते शेवटचं एक पाणी मिळालं तर दाणा, नाहीतर तणस. अख्खा तलाव त्या एका पाण्यासाठी.

१७५१ च्या सुमारास गोंडांचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८५४ मध्ये इंग्रजांकडे. इंग्रजांनी मालगुजारांना मालकी दिली. मालगुजार काही संत नव्हते, पाळीवर माती टाकायला वेठबिगारीच असायची. त्यामुळे १९५१ मध्ये मालगुजारी गेली (तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता) याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. पण तेव्हा एक चूक झाली असं माझं मत आहे. जमीन एकाकडे राहिली, तलाव सरकारकडे गेला. ज्याच्या पोटाला पाळ बांधली होती त्याचा आणि पाळीचा संबंध तुटला. आमच्या धंद्यात असं झालेलं मी पाहिलंय: कोड लिहिणारी टीम वेगळी, सांभाळणारी वेगळी, आणि रात्री दोनला फोन कुणालाच नाही.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी कागदात 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. (लहानपणी मला वाटायचं ते माझ्या मामाचेच आहेत.) शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याकडे. बऱ्याच ठिकाणी गाळ साचलाय, बेशरम माजलीय, पोटात अतिक्रमणं आहेत. तिकडे १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दच्या कालव्यांवर हजारो कोटी खर्च झाले. मोठं धरण नको असं मी म्हणत नाही, पण त्यातला थोडा वाटा या पाळींना आधी मिळायला हवा होता.

मागच्या दिवाळीत मामासोबत त्यांच्या गावच्या पाळीवर गेलो होतो. एका जागी खचली होती, पाणी झिरपून खालच्या बांधीत चिखल. मी आपलं शहाणपण केलं, "अर्ज द्या ना मामा."

"देल्ला न. दोनदा देल्ला," मामा म्हणाले. "पार कोनाची हाय थेच ठरते अजून." (पार म्हणजे पाळच. झाडीत 'ळ'चा 'र' होतो.)

मग त्यांनी चप्पल काढली, फावडं घेतलं आणि उतरले. माझ्या हातात घमेलं दिलं.