मृत्युपत्रातली मोकळी जागा

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय गाव नि आडनाव विचारतात, वही उलगडतात, आणि आपण कधी न पाहिलेल्या पणजोबांचं नाव समोर येतं. इंग्लंडात हे काम गावच्या चर्चच्या वहीनं केलं. ती वही मात्र सरकारी हुकमानं जन्मली.

सप्टेंबर १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं फर्मान काढलं. प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे गावच्या चर्चनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची, दर रविवारी लिहायची. वहीसाठी दोन कुलपांची पेटी. एक किल्ली पाद्रीबाबांकडे, दुसरी गावच्या कारभाऱ्यांकडे. चुकारपणा केला तर तीन शिलिंग चार पेन्स दंड. लोक धास्तावले, आता बारशावर आणि लग्नावरही कर बसणार! तेव्हा तरी कर बसला नाही. दोन वर्षांच्या आत क्रॉमवेलचंच डोकं उडवलं गेलं; वही राहिली.

सुरुवातीच्या वह्या बहुधा कागदी होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायचा आदेश निघाला: सगळ्या नोंदी, पण विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या. या 'विशेषतः'नं घात केला. अनेक ठिकाणी १५५८च्या आधीचं कुणी उतरवलंच नाही, आणि वीस वर्षांची माणसं पुसली गेली.

शेक्सपिअरच्या गावची, स्ट्रॅटफर्डची वहीही १५५८ पासूनचीच. तीत २६ एप्रिल १५६४ ला जॉन शेक्सपिअरच्या मुलाचा, विल्यमचा, बाप्तिस्मा नोंदलेला आहे. जन्मतारीख नाही, चर्चला तिच्याशी कर्तव्य नव्हतं. ऑगस्ट १५९६ मध्ये त्याच विल्यमच्या अकरा वर्षांच्या मुलाचं, हॅम्नेटचं, दफन. तारीख आणि नाव, एवढंच. बापाला काय वाटलं असेल, ते वही सांगत नाही.

मृत्युपत्र थोडं अधिक बोलतं. कोण कुणाचं, कुणावर जीव होता, हे त्यात उमटतं. मार्च १६१६ मध्ये शेक्सपिअरनं सही केली, त्या कागदात बहीण जोनला वीस पौंड, आपले कपडे आणि नाममात्र भाड्यानं हयातभर राहायला घर दिलं आहे. तिच्या तिन्ही मुलांना पाच-पाच पौंड. पण नावं लिहिताना विल्यम हार्ट, मायकेल हार्ट, आणि मधल्याच्या नावाची जागा मोकळी! मामाला ऐन वेळी आठवलं नाही, की लिहिणाऱ्याला? मला ती मोकळी जागा त्या सबंध मृत्युपत्रातली सर्वांत जिवंत वाटते.

ती जागा चर्चची वही भरून काढते. १६०५ मध्ये जोनच्या या मुलाचा बाप्तिस्मा झाला, नाव थॉमस. तीच वही पुढे सांगते, की एप्रिल १६१६ मध्ये जोनच्या नवऱ्याला मूठमाती दिली गेली आणि आठच दिवसांनी तिच्या भावाला. दोन वर्षांनी लहानगा मायकेल गेला.

१६७० मध्ये शेक्सपिअरची नात निपुत्रिक वारली आणि त्याचा स्वतःचा वंश खुंटला. बहिणीचा वंश आजही चालू आहे, तो थॉमसचा.