मिहिर गेला, मिहिर आला

आज मी एका अशा माणसाच्या मृत्यूबद्दल बोलणार आहे, जो कधी जन्मालाच आला नव्हता. तरीही २००१ सालच्या सुरुवातीला तो गेला, तेव्हा खारघरच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या दिवशी जिन्यावर दुसरा विषय नव्हता. त्याचं नाव मिहिर वीराणी.

तेव्हाचं खारघर आठवून पाहा. इमारती थोड्या, मोकळे प्लॉट फार. अंधार पडला की स्टेशनवरून सेक्टरात यायला रिक्षा मिळायची मारामार. दादरची चाळ सोडून आम्ही इथे आलो होतो. वडील वर्षभरापूर्वीच गेलेले. आईला चाळीतल्या गॅलरीची सवय, इथे मात्र बंद दारं. ती दारं उघडली, ती रात्री साडेदहाला लागणाऱ्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी'ने. ३ जुलै २००० रोजी ही मालिका सुरू झाली आणि शेजारच्या काकूंकडे चार-पाच बायका जमू लागल्या. त्यात आईही असे.

आणि एके रात्री मोटारीच्या अपघातात तुलसीचा नवरा गेला.

मरण आपल्या प्रेक्षकाला नवं होतं का? मुळीच नाही. संस्कृत नाट्यपरंपरेत रंगमंचावर मरण दाखवणं टाळलं जाई, पण मराठी रंगभूमीने तो संकेत केव्हाच ओलांडला होता. १९१९ साली 'एकच प्याला' रंगमंचावर आलं. नाटककार गडकरी ते पाहायला उरले नव्हते, पण बालगंधर्वांची सिंधू मरताना नाट्यगृहात रडणाऱ्यांच्या कथा आपण आजोबांकडून ऐकल्या आहेत. पुढे दूरदर्शनवर 'स्वामी' आली. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमा यांचा शेवट थेऊरला कसा होणार, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. तरी घराघरांत पदर डोळ्यांना लागले. पण त्या मरणाला गोष्टीतच कारण होतं, आणि मरणाबरोबर गोष्टही संपत होती.

रोजच्या मालिकेचं तसं नाही. तिला शेवट नसतो. पात्रं रोज ठरल्या वेळी घरात येतात, सणवार करतात, आजारी पडतात. कलाकार मात्र माणूस असतो. त्याला सिनेमा मिळतो, त्याचं निर्मात्याशी बिनसतं. मग लेखकापुढे तीनच वाटा उरतात. पात्राला परगावी पाठवायचं, नवा चेहरा आणायचा, नाहीतर मारून टाकायचं. मिहिर झालेले अमर उपाध्याय यांना सिनेमात जायचं होतं. तिसरी वाट निवडली गेली.

वाहिनीला फोन आणि पत्रांचा पूर आला. मिहिर परत हवा! चित्रीकरण प्रसारणाच्या जेमतेम काही दिवस पुढे असतं, टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येतात. त्यामुळे छापलेल्या कादंबरीत जे कधीच शक्य नसतं, ते इथे शक्य झालं. मिहिर परत आला. अपघातात त्याची स्मृती गेली होती म्हणे! पुढे या भूमिकेत आधी इंदर कुमार, मग रोनित रॉय आले.

हे काही आपणच केलं असं नाही. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं, आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, तो जिवंत असल्याचं त्यांना लिहावं लागलं. अमेरिकेत 'डॅलस' मालिकेतला बॉबी १९८५ मध्ये मेला आणि पुढच्या वर्षी अंघोळ करताना सापडला. मधलं अख्खं वर्ष त्याच्या बायकोचं स्वप्न ठरवून टाकलं!

पण याच अमेरिकेत दुसरंही उदाहरण आहे. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची 'मॅश' ही विनोदी मालिका. १८ मार्च १९७५च्या भागात सगळ्यांचा लाडका हेन्री ब्लेक घरी जायला निघतो, आणि शेवटी बातमी येते, त्याचं विमान पाडलं, कोणी वाचलं नाही. संतापाची पत्रं तिथेही आली. निर्मात्यांनी मात्र हेन्रीला परत आणलं नाही. युद्धात गेलेला मुलगा परत येत नाही, हेच त्यांना सांगायचं होतं.

मरण धक्कादायक असावं की नसावं, हा माझ्या मते प्रश्नच नाही. खरं मरण तरी कुठे विचारून येतं? प्रश्न आहे तो पुढचा. ते मरण पाळलं जातं का?

आता आईकडे येतो. वडील गेल्यावर तिने त्यांच्याबद्दल बोलणं बंद केलं होतं. मिहिर गेला त्या रात्री ती काकूंकडून उशिरा आली आणि पहिल्यांदा बोलली. इस्पितळातली ती रात्र, कपाळावरचं कुंकू, चाळीतल्या बायकांची नजर. तुलसीच्या निमित्ताने ती पहाटेपर्यंत स्वतःचं सांगत होती. एका खोट्या मरणाने खऱ्या मरणाला वाट दिली होती.

मिहिर परतला तेव्हा काकूंकडे आनंदीआनंद. आई घरी आली, म्हणाली, "चला, हिचा तरी आला." आणि दूध तापवायला आत गेली. त्यानंतर ती काकूंकडे मालिका बघायला गेली नाही. वडिलांचा विषयही पुन्हा मिटला.

एप्रिल २०२५ मध्ये हेच पुन्हा घडलं. 'सीआयडी'तले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे आपले शिवाजी साटम, गेल्याचं वाहिनीने जाहीर केलं. १९९८ पासूनची ओळख! लोक हळहळले, चिडले, आणि काही आठवड्यांतच प्रद्युम्न परतले. त्याच वर्षी २९ जुलैला 'क्योंकि'ही नव्याने सुरू झाली, आणि मिहिर म्हणून पुन्हा अमर उपाध्याय.

मी तो पहिला भाग खारघरच्या त्याच घरात पाहिला. आई आता नाही. मिहिर दारातून आत आला, केस पिकलेले, आणि मला खरंच बरं वाटलं, हे कबूल करतो. मग उठलो आणि दूध तापवायला आत गेलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)