स्पॉन्सियानसची सुवर्णनाणी

रोमन सम्राट म्हणून ‘स्पॉन्सियानस’ हे नाव मिरवणारी मोजकी सोन्याची नाणी. ती ट्रान्सिल्व्हेनियात (आता रुमानियात) सापडली आणि १७१३ मध्ये त्यांची पहिली नोंद झाली. ती अस्सल की बनावट, हा वाद अजून मिटलेला नाही. या नावाच्या सम्राटाचा एकाही प्राचीन इतिहासग्रंथात उल्लेख नसल्यामुळे नाणे बाद ठरले, तर सम्राटही बाद होतो.

व्हिएन्नाच्या शाही नाणेसंग्रहाचे अधिकारी कार्ल गुस्ताव हेरेउस यांनी १७१३ मध्ये ही नाणी संग्रहात घेतल्याचे टिपून ठेवले. पुढे ती विखुरली. एक नाणे विख्यात शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांच्या संग्रहातून ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आले. दुसरे सिबियूच्या ब्रुकेंथाल संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच नाणेतज्ज्ञ हेन्री कोहेन यांनी ही नाणी म्हणजे अर्वाचीन काळातली सुमार बनावट असल्याचा निर्वाळा दिला आणि तोच मान्य झाला.

संशयाला जागा भरपूर होती. रोमन टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा मारत. ही नाणी मात्र साच्यात ओतलेली आहेत. दर्शनी बाजूला किरणमुकुट घातलेला ओबडधोबड चेहरा. सम्राटाचे नाव सहसा प्रथमा विभक्तीत येते, ते इथे षष्ठीत आहे. मागच्या बाजूला एक स्तंभ आणि त्याच्या दुतर्फा दोन आकृत्या. हे चित्र इ.स.पू. १३५ च्या चांदीच्या दिनारवरून उचललेले, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या सम्राटासाठी जवळजवळ ४०० वर्षे जुने.

२०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले भूवैज्ञानिक पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी ग्लासगोचे नाणे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. नाणे बराच काळ चलनात फिरल्यावर जशी झीज होते, तसे ओरखडे त्यांना दिसले. त्यांवर मातीतल्या खनिजांचा घट्ट चिकटलेला थरही आढळला. दीर्घकाळ जमिनीत राहिल्याशिवाय असा थर जमत नाही, असे त्यांचे म्हणणे. २६० च्या दशकात साम्राज्यापासून तुटलेल्या डेशिया प्रांतात (म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियाच्याच परिसरात) सोन्याच्या खाणी होत्या. तिथला सेनापती स्पॉन्सियानस याने कारभाराची सूत्रे हाती घेऊन स्थानिक कारागिरांकडून ही नाणी पाडून घेतली असावीत, असा त्यांचा कयास आहे. कुशल टांकसाळ नसल्यामुळे काम ओबडधोबड झाले, हेही त्यात बसते.

नाणकशास्त्रातल्या अनेकांना हे पटलेले नाही. झीज आणि मातीचा थर कृत्रिमरीत्याही आणता येतो, आणि ओतीव घडण व उसने चित्र यांचा प्रश्न प्रयोगशाळेने सुटत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. ठकवायचेच होते तर नावाजलेला सम्राट का निवडला नाही, या प्रतिप्रश्नावर ते संग्राहकांच्या हौसेकडे बोट दाखवतात: अज्ञात सम्राटाचे एकमेव नाणे मिळतेय म्हटल्यावर मोल वाढतेच. शिवाय नाणे प्राचीन ठरले, तरी ते रोमन सीमेबाहेरच्या कारागिराने केलेली नक्कल असू शकते. त्या परिस्थितीत नाणे खरे ठरूनही सम्राट सिद्ध होत नाही.