सरळ भोक, उभी शीर

सोन्याच्या खाणीतली फसवणूक म्हटली की ब्रे-एक्सचं नाव हमखास निघतं. कॅनडातल्या कॅल्गरीची ही कंपनी. बोर्निओच्या जंगलात, बुसांगला, आपल्याला अफाट सोनं सापडलंय असं ती सांगत होती. फेब्रुवारी १९९७मध्ये आकडा ७ कोटी १० लाख औंसांवर गेला. मे महिन्यात कळलं, नमुन्यांच्या भुकटीत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं! ओंटारिओतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे त्यात बुडाले.

ही झाली सरळसरळ चोरी. पण एकही आकडा खोटा न सांगता फसवायची एक रीत आहे, आणि मला तीच जास्त भीतीदायक वाटते.

सोनं पुष्कळदा गारगोटीच्या शिरेत असतं. शीर म्हणजे खडकात घुसलेला एक पातळ पापुद्राच. आता पुरणपोळी आठवा. सुई सरळ आरपार घातली तर ती पुरणातून जेमतेम जाते. तिरकी घातली तर बराच वेळ पुरणातच राहते. पुरण वाढलं का? नाही ना!

जमिनीत गंमत अशी, की शीर बहुधा पोळीसारखी आडवी नसते. समजा ती २ मीटर जाड आहे आणि ८० अंशांत कललेली, म्हणजे जवळजवळ उभी. वरून सरळ खाली भोक पाडलं तर ते शिरेच्या अंगाअंगाने उतरतं आणि सुमारे साडेअकरा मीटर सोन्याचा खडक हाती येतो. प्रयोगशाळेचा अहवाल खरा, लांबीही खरी. पण गुंतवणूकदार तीच जाडी समजतो आणि मनातल्या मनात साठा पावणेसहापट करून टाकतो. इथे प्रामाणिक भोक तिरकंच, शिरेला काटकोनाच्या जवळपास छेदणारं.

ब्रे-एक्सनंतर, फेब्रुवारी २००१मध्ये, कॅनडात ४३-१०१ हा नियम लागू झाला. भोकाची दिशा आणि उतार सांगायचा, आणि माहीत असेल तर खरी जाडीही सांगायची, असं त्यात आहे.

त्या 'माहीत असेल तर'मध्येच सगळी मेख आहे. पहिल्या भोकाला 'खरी जाडी अजून कळलेली नाही' हे उत्तर रास्तच. विसाव्या भोकानंतरही तेच वाक्य दिसलं, तर मात्र शेअर घेण्याआधी कोन विचारावा.