हत्ती मोठा, पण पत्ता सांगतो उंदीर

मागच्या रविवारी नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०१९ सालचं. परतताना निफाडला मामाकडे थांबलो, तर त्याच्या शेडमध्ये एक करडा, केसाळ गोळा दिसला. मामा म्हणाला, "टाकून दे रे, घुबडानं ओकलंय ते." मी तो पाण्यात भिजवून सोडवला. आत बारीक हाडं आणि उंदरांचे तीन जबडे!

घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेलं ओकून टाकतं. आजचा एपिसोड याच गोळ्यातून निघालाय.

कारण याच नांदूर मधमेश्वरच्या भागात, गोदावरीच्या जुन्या गाळात, एका नामशेष झालेल्या अवाढव्य हत्तीचे जीवाश्म सापडले होते. भूवैज्ञानिक जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यावर लेख लिहिला. हत्ती म्हटलं की लगेच बातमी होते. पण त्याला विचारा, "बाबा, तेव्हा इथं झाडी होती की माळरान?" तर तो गोंधळतो. तो झाडीतही चरतो, गवतातही, आणि मैलोन् मैल फिरतो.

उंदराचं तसं नाही. तो बहुतेक आयुष्य बिळाच्या आसपासच काढतो. घुशीला खणता येईल अशी ओलसर माती लागते. लांब शेपटीचा जर्बिल कोरड्या, उघड्या माळावर राहतो. खार झाडावर. म्हणजे जात कळली की जागा कळते, आणि जात कळते दाढेवरच्या उंचवट्यांच्या नक्षीवरून. दाढ केवढी? मोहरीच्या दाण्याएवढी!

अर्थात एका दाढेवर भागत नाही. प्रत्येक थरात कुठल्या जातीचे किती, हे मोजायचं. खारी कमी आणि माळावरचे उंदीर जास्त होत गेले, तर झाडी विरळ होत होती. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाइल आहे. फक्त घुबड सोपी शिकार आधी उचलतं, तेवढी गफलत हिशोबात धरायची.

हे खरंच जमतं का? पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर जमलंय. युरी किमुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिथल्या उंदरांच्या दातांतला कार्बन तपासला. सुमारे ६५ लाख वर्षांपूर्वी त्यांच्या खाण्यात उष्ण प्रदेशातलं गवत आलं होतं. भोवताली गवताळ प्रदेश पसरत होता, त्याची नोंद उंदरांच्या दातांत राहिली.

आपल्या जवळ म्हणाल तर आंध्रातल्या कर्नूलच्या गुहांमध्ये उंदरांचे जीवाश्म मिळालेत. चुनखडीच्या गुहेत घुबडं बसतात आणि हाडंही टिकतात. नाशिकचा दगड बेसॉल्ट. आपली पांडवलेणी माणसांनी कोरलेली. म्हणून आपल्याला नदीच्या गाळावरच भिस्त ठेवावी लागते.

आणि तिथंच खरी अडचण आहे. हत्तीचं हाड फावड्याला लागतं, दाढ लागत नाही. त्यासाठी माती पोत्यांत भरून, पाण्याखाली चहाच्या गाळणीसारख्या बारीक जाळीतून धुवावी लागते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली दाणा-दाणा बघायचा. कंटाळवाणं काम! पण ते न करता नदीकाठ खणून ट्रकात भरला, तर थरांचा क्रम कायमचा गेला. त्याचा बॅकअप नसतो.

ते तीन जबडे आता माझ्या लॅपटॉपशेजारी काडेपेटीत आहेत. मामाच्या शेताचा आजचा पत्ता आहे तो. तुम्हाला असा गोळा दिसला तर टाकू नका. हातमोजे घालून उघडा आणि फोटो पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!