नासाऊमधले सात तास आणि दारव्ह्याचा कापूस

क्रूझवाल्यांच्या हिशेबात नासाऊ म्हणजे सात-आठ तास. मायामीहून सुटणाऱ्या तीन-चार दिवसांच्या जहाजाचा हा हमखास थांबा. सकाळी जहाज धक्क्याला लागतं आणि दुपारी चार-साडेचारच्या आत परत चढायचं, नाहीतर जहाज तुम्हाला सोडून जातं. मधल्या वेळात काय करायचं हे सांगणारे ढिगाने आहेत. बीचवर लोळा, पाण्यातल्या घसरगुंडीवर ओरडा, शंखातल्या प्राण्याची भजी खा (होय, भजीच म्हणायची त्याला!), स्ट्रॉ मार्केटमध्ये घासाघीस करा आणि ड्युटी-फ्री घड्याळं बघून न घेता बाहेर या. तांत्रिकदृष्ट्या बहामा बेटं कॅरिबियन समुद्रात नाहीतच, अटलांटिकमध्ये आहेत. पण तिकीट ‘कॅरिबियन क्रूझ’ म्हणूनच विकलं जातं.

तर मंडळी, आज यातलं काही सांगणार नाहीये. आज कापसाबद्दल.

मी मूळचा दारव्ह्याचा, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडे कापूस हे पीक नसून हवामान आहे. लग्न कधी, घराला रंग कधी, पोराची फी कधी, सगळ्याचं उत्तर “कापूस निघाला की”. त्यामुळे ऑनसाइटच्या कृपेने आई-बाबांना क्रूझवर न्यायचं ठरलं आणि सवयीने आधी नासाऊचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच कापसाच्या गाठी दिसायला लागल्या. एकदा नाही, दोनदा.

पहिली वेळ अठराव्या शतकातली. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा इंग्लंडच्या राजाशी इमान राखणारे अनेक मळेवाले १७८० च्या दशकात आपले गुलाम घेऊन बहामात आले आणि त्यांनी इथे कापूस लावला. सुरुवातीला पीक जोरात. १७९० च्या सुमारास जोसेफ ईव्ह नावाच्या इथल्याच माणसाने वाऱ्यावर चालणारं सरकी काढायचं यंत्रसुद्धा बनवलं. पण जमिनीचा थर पातळ, खाली चुनखडी. त्यात १७८८ आणि १७९४ मध्ये अळी आली आणि पिकं खाऊन गेली. काही वर्षांत मळेवाले कंगाल झाले, बरेच जण निघून गेले. मागे राहिले ते गुलाम. एक्झुमा बेटावरच्या मळ्यातला पॉम्पी नावाचा गुलाम १८३० मध्ये बंडाला उभा राहिला. नासाऊत जिथे गुलामांचे लिलाव व्हायचे त्या व्हेंड्यू हाउसमध्ये आता त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर.

अळी आणि कंगाली हे शब्द यवतमाळच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. २०१७ मध्ये बोंडअळीने आमच्याकडे पीक पोखरलं, आणि त्याच हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली.

दुसरी वेळ मात्र खरी मजेची आहे, कारण त्यात आपण थेट सामील आहोत.

एप्रिल १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. त्या काळात ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. म्हणजे लँकेशायरचा नळच बंद! लाखो गिरणी कामगार घरी बसले. आता दोन प्रश्न उभे राहिले. एक, दक्षिणेत पडून असलेला कापूस चोरून बाहेर कसा काढायचा? दोन, दुसरीकडून कुठून आणायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं नासाऊ. दुसऱ्याचं उत्तर होतं आपण.

आधी नासाऊ. बेट ब्रिटिशांचं, म्हणून तटस्थ. चार्ल्स्टन आणि विल्मिंग्टन ही दक्षिणेची बंदरं तिथून सुमारे साडेपाचशे मैलांवर. लिव्हरपूलहून मोठ्या जहाजाने माल नासाऊला आणायचा, तिथे लहान वेगवान आगबोटीत भरायचा, आणि चंद्र नसलेल्या रात्री नाकेबंदीतून पलीकडे सुटायचं. या बोटी लांबट, बुटक्या, समुद्रात मिसळून जाव्यात म्हणून करड्या रंगवलेल्या. कोळसासुद्धा कमी धुराचा. ‘गॉन विथ द विंड’मधला ऱ्हेट बटलर आठवतोय? तो हाच धंदा करायचा. जाताना बंदुका, औषधं (आणि जास्त नफा म्हणून अत्तरं, दारू, बायकांचे कॉर्सेट!), येताना कापूस. एक-दोन फेऱ्या नीट झाल्या तरी बोटीची किंमत वसूल, मग बोट पकडली गेली तरी मालकाला फारसं दुःख नाही.

जेमतेम अकरा-बारा हजार वस्तीचं गाव. त्याच्या बे स्ट्रीटवर आणि धक्क्यावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागल्या. कप्तान, दलाल, हेर, बातमीदार, सगळे एका ठिकाणी उतरायचे: १८६१ मध्येच उघडलेल्या रॉयल व्हिक्टोरिया हॉटेलात. सोन्याच्या नाण्यांत पगार, रोज रात्री पार्ट्या. चार वर्षं हे चाललं.

आणि इकडे वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला काळ्या मातीचा पट्टा. इथला कापूस आधीपासून बाहेर जात होता, पण बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे तो पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत न्यायचे. आज दारव्हा, दिग्रस, पुसद भागात जे बंजारा तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांचा धंदा हा. आमचा धागा आखूड, कचरा फार. लँकेशायरमध्ये हिंदुस्थानच्या सगळ्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि नाकं मुरडत. तिथल्या एका कामगाराने देवाकडे कापूस मागितला पण सुरत नको अशी पुस्ती जोडली, असा किस्साच आहे. पण गरज पडल्यावर कोण नाक मुरडतो! लिव्हरपूलचा भाव १८६४ पर्यंत युद्धाआधीच्या चौपटीच्या आसपास गेला. तिथल्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ हा वाणच ओळखीचा झाला.

मधला पैसा मुंबईत साचला. शेअर मॅनिया, प्रेमचंद रायचंद, बॅकबे रेक्लमेशनचे शेअर... हे आपण मुंबईच्या इतिहासात वाचलेलं असतं. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली आणि मुंबई कोसळली, हेही वाचलेलं असतं. पण त्याच बातमीने त्याच वर्षी अटलांटिकमधलं एक गावही कोसळलं, हे मला नासाऊच्या वाटेवर असताना पहिल्यांदा कळलं. विल्मिंग्टनच्या तोंडावरचा फोर्ट फिशर जानेवारी १८६५ मध्ये पडला, फेब्रुवारीत चार्ल्स्टन. नासाऊच्या बोटींना जायला बंदरच उरलं नाही. धक्का रिकामा, गोदामं रिकामी, हॉटेल रिकामं. वर १८६६ च्या ऑक्टोबरात प्रचंड चक्रीवादळ येऊन उरलंसुरलं घेऊन गेलं.

आता माझा खरा प्रश्न. तेजी एकच, मंदी एकच. मग पुढे दोन्ही गावांचं काय झालं?

नासाऊने धंदा बदलला. मग परत बदलला. स्पंज काढले, १९३८ च्या सुमारास स्पंजांना रोग पडून तेही संपलं. मधल्या काळात, १९२० ते १९३३, अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा तीच जुनी युक्ती: बोट, अंधार, नफा. या वेळी कापसाऐवजी व्हिस्की. दारूबंदी उठली तसं तेही गेलं. पुढे पर्यटन. १९५० च्या आसपास सरकारने ठरवून पर्यटक आणायला सुरुवात केली, मोठ्या जहाजांसाठी बंदर खोल केलं, आणि आज वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं क्रूझने तिथे उतरतात.

वऱ्हाडचं उलट झालं. गंमत बघा, तेजी संपल्यावर गाडी आली. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ मध्ये, युद्ध संपून दोन वर्षांनी. कापसासाठी हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कमिशनर नेमला होता. खामगावचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने उघडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमची लाडकी शकुंतला आली: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, रूळ अडीच फुटी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत धावलं. कापूस नेण्यासाठी गाडी, आणि गाडीचं इंजिन कापूस जिथे जायचा तिथलंच!

म्हणजे भाव पडला तरी कापूस कमी झाला नाही, वाढला. कारण आता रेल्वे होती, जिनिंग होतं, रोखीत सारा भरायचा होता आणि सावकाराला कापसावरच कर्ज द्यायचं होतं. ज्वारीची जागा कापसाने घेतली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोटाला काय हा प्रश्न आला तेव्हा वऱ्हाडची माणसं मेली. आणि लमाणांचा बैल रेल्वेने बेकार केला, ते शेतीत आले, ती शेतीही कापसाचीच.

बंदराला गिऱ्हाईक बदलता येतं. शेताला नाही येत. मला सापडलेला फरक एवढाच.

पण म्हणून नासाऊ सुखी, असं म्हणायला मी तयार होतो तेवढ्यात बाबांनी घोळ घातला. आम्ही टॅक्सी केली होती. ड्रायव्हर बोलका, साठीचा. मी दुभाषा. बाबांनी विचारलं, “याले विचार, जहाज नाही आलं त काय करते म्हणा?” ड्रायव्हर आधी हसला. मग म्हणाला, मार्च २०२० मध्ये जहाजं बंद झाली ती वर्षाहून जास्त. बे स्ट्रीटवर कुत्रं नव्हतं. मुलीने ऑनलाइन काहीतरी करून घर चालवलं, टॅक्सीचे हप्ते थकले. बाबांनी मान हलवली. त्यांची सहा एकर कोरडवाहू आहे. म्हणाले, “सारखंच हाय लेका. आपण भावाची वाट पाहातो, हे भोंग्याची.”

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. भाव आपल्या हातात नसणं हे १८६५ मध्ये संपलेलं नाही. मधे एक प्रयत्न झाला, १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी; ती योजना तोट्यात रुतून संपली. आणि २०२५ चा ऑगस्ट घ्या. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. आपल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून त्याच महिन्यात सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. म्हणजे नेमका यवतमाळचा नवा कापूस बाजारात येतो तेव्हा. निर्णय वॉशिंग्टनमध्ये, उतारा दिल्लीत आणि फटका दारव्ह्यात. गिरणीवाल्याची अडचण खोटी नाही, पण दर वेळी शेवटचा नंबर कोणाचा, एवढं बघा.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी अनेक जण कधी ना कधी या क्रूझवर जाणार आहात, म्हणून कामाची माहिती देऊन थांबतो. धक्क्यावरून बाहेर पडलं की समोर बे स्ट्रीट. दोन पावलांवर पार्लमेंट चौक: गुलाबी इमारती आणि मधे व्हिक्टोरिया राणी बसलेली. (बाईसाहेब आपल्याही ओळखीच्या.) तिच्या पाठीमागे टेकडीच्या दिशेने गेलात की जुन्या तुरुंगाची अष्टकोनी इमारत लागते, त्यात वाचनालय. तिच्याजवळच रॉयल व्हिक्टोरिया हॉटेलची जागा. हॉटेल १९७१ मध्ये बंद झालं, आता नाही; बागेतली जुनी झाडं आहेत. पुढे क्वीन्स स्टेअरकेस, गुलामांनी दगडात खोदलेला साठावर पायऱ्यांचा जिना, आणि वर १७९३ चा फोर्ट फिनकॅसल. तिथून तुमचं जहाज आणि अख्खं बंदर दिसतं. परतताना पॉम्पी संग्रहालय. सगळं पायी, तीन तासांत, बीचलाही वेळ उरतो. जेवण मात्र जहाजावर फुकट आहे म्हणून परत धावू नका, गावातच जेवा.

आणि यवतमाळला आलात तर शकुंतलेचं स्टेशन बघा. गाडी गेली काही वर्षं बंद आहे.