होकायंत्राचे विचलन

नौकेवरील लोखंडाच्या चुंबकत्वामुळे होकायंत्राच्या सूचीत उत्पन्न होणारा दिशादोष. चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांमधील कोनास दिक्‌पात म्हणतात. तो स्थलकालपरत्वे बदलतो व सागरी नकाशांवर दिलेला असतो. विचलन मात्र ज्या त्या नौकेचे स्वतःचे असते आणि तिचे तोंड ज्या दिशेस वळेल त्याप्रमाणे कमीजास्त होते.

हा दोष निरीक्षणाने नोंदविणाऱ्यांत पोर्तुगीज दर्यावर्दी झ्वाऊं द कास्त्रू हा अग्रणी होय. १५३८ मध्ये भारताकडे येताना जवळच्या तोफेमुळे सूची ढळते, असे त्यास आढळले. त्याच वर्षी वसईच्या परिसरात खडकांच्या आकर्षणाचाही त्याने उल्लेख केला. पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेल्या या गृहस्थाच्या नोंदींचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही. मॅथ्यू फ्लिंडर्स याने १८०१–०३ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ या शिडाच्या जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करताना विचलनाचा जहाजाच्या दिशेशी असलेला संबंध अभ्यासिला. दक्षिण गोलार्धात त्याची दिशा उलटते, हेही त्याच्या ध्यानी आले. यासंबंधीचा त्याचा निबंध १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. तेव्हा तो मॉरिशसमध्ये फ्रेंचांच्या कैदेत होता. होकायंत्राजवळ उभा बसविण्यात येणारा नरम लोखंडाचा ‘फ्लिंडर्स दंड’ त्याच्याच नावाने ओळखला जातो.

लाकडी जहाजांवर हा दोष बहुधा सह्य असे. लोखंडी जहाजांनी तो प्राणघातक केला. जॉर्ज बिडेल एअरी याने १८३८ मध्ये ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून कायम चुंबक व नरम लोखंड यांच्या साहाय्याने दोष निवारण्याची रीत बसविली. विल्यम स्कोर्झबी याचा तीस आक्षेप होता. बांधणीच्या वेळी सांगाड्यात आलेले चुंबकत्व लाटांच्या तडाख्यांनी बदलते, मग पक्क्या बसविलेल्या चुंबकांवर भिस्त ठेवणे धोक्याचे, असे त्याचे म्हणणे. ‘टेलर’ हे लोखंडी शिडाचे जहाज लिव्हरपूलहून मेलबर्नकडे पहिल्याच सफरीवर निघाले असता जानेवारी १८५४ मध्ये डब्लिनजवळील लॅम्बे बेटावर आदळून शेकडो प्रवासी बुडाले. त्यावरील होकायंत्रांचा आपसांत मेळ नव्हता. सगळा दोष होकायंत्रांच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. सुकाणू व दोरखंडही नीट चालत नव्हते. स्कोर्झबीने १८५६ मध्ये ‘रॉयल चार्टर’मधून ऑस्ट्रेलियाचा प्रवास करून चुंबकत्व बदलत असल्याची खात्री करून घेतली. आज एअरीची निवारणाची रीत व स्कोर्झबीची सावधगिरी दोन्ही पाळल्या जातात. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) याच्या १८७६ मधील होकायंत्रात हलकी तबकडी, आखूड सूच्या व दोन्ही बाजूंस लोखंडी गोळे होते.

लहान शीडनौकेवर दोष शोधताना किनाऱ्यावरील दोन ज्ञात खुणा एका रेषेत घेऊन नौका निरनिराळ्या दिशांस वळवितात व प्रत्येक वाचन नकाशावरील चुंबकीय दिशेशी ताडतात. फरक सर्व दिशांस सारखाच आला, तर यंत्राची दर्शकरेषा नौकेच्या मध्यरेषेशी समांतर बसलेली नसते. तो पूर्वेस एकीकडे व पश्चिमेस दुसरीकडे गेला, तर लोखंड किंवा चुंबक जवळ असल्याचे समजावे. ध्वनिक्षेपक, चाकू, विद्युत् तारा हे नेहमीचे अपराधी. तबकडी अडखळत असल्यास टेकू झिजलेला असतो. शीडनौका वाऱ्याने कलली असता निराळाच दोष उद्‌भवतो. तो होकायंत्राखाली उभा चुंबक बसवून कमी करतात. उरलेले विचलन दिशांनुसार कोष्टकात मांडून ते नौकेवर ठेवतात.